कोल्हापूरचा कप, बिझलीचं मैदान

फ्लॉरेन्समधली छत्री कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं आणि पुढं तिथं छत्री उभी राहिली. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी नोकरीभर हे शिकवलं. पण कोल्हापूरच्या राजानं दिलेल्या चषकासाठी इंग्लंडमध्ये १८७१ पासून रायफल नेमबाजीचा सामना होतो, हे एकाही पाठ्यपुस्तकात मला कधी दिसलं नाही. ते सांगितलं लेकीच्या इंग्रज शेजाऱ्यानं. मी कोल्हापूरची म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, "म्हणजे कोलापोर? आमच्या कोलापोर कपाचं?"

लेक इंग्लंडमध्ये वोकिंगला असते. तिथून बिझलीचं मैदान गाडीनं पाव तासावर. जुलैत तिथं नेमबाजीची मोठी स्पर्धा भरते, या कपाचा सामनाही तिथंच होतो, आणि हे गृहस्थ तरुणपणापासून तिथले. "आई, जाऊन तर ये," लेक म्हणाली. मी आधी कधी रेंज पाहिलेली नव्हती. चांदमारी म्हणजे पोलिसांचा सराव आणि लांबून ऐकू येणारा फटफट आवाज, एवढीच माझी कल्पना.

बिझलीत शिरल्यावर बंदुका दिसतच नाहीत. दिसतात लाकडी बंगले, रुंद व्हरांडे, पत्र्याची छपरं, कुंड्यांतली फुलं. माथेरानच्या एखाद्या जुन्या वाटेवर आल्यासारखं वाटतं. मग झाडी संपते आणि समोर सेंच्युरी रेंज पसरते: सपाट हिरवं रान, पार टोकाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं एका ओळीत शंभराहून जास्त टार्गेटं, प्रत्येकाला ठळक नंबर. लाल झेंडे चढले की बांधाकडं कुणी फिरकायचं नाही. मधे वाऱ्याचे झेंडे. नेमबाज मॅटवर पालथे पडलेले, दंडाला पट्टा आवळलेला, अंगात जाड जॅकेट, आणि बायका-पुरुष सगळे एकाच ओळीत. कानांवर मफ चढवले तरी आवाज छातीत जाणवतो.

पण मला धरून ठेवलं ते आवाजानंतरच्या कामानं. गोळी लागली की टार्गेट खाली जातं. बांधापुढच्या खंदकात मार्कर असतो. तो टार्गेट ओढून घेतो, आधीचं भोक कागदानं बुजवतो, नव्या भोकात चकती खोचतो आणि टार्गेट पुन्हा वर सारतो. इकडं शेजारचा नेमबाज कार्डावर गुण मांडतो. प्रतिस्पर्ध्याचा हिशेब प्रतिस्पर्ध्यानंच लिहायचा, ही रीत मला फार आवडली. गोळी झाडली की बराच वेळ काहीच घडत नाही. म्हाताऱ्यानं मला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. टार्गेटापुढची तापलेली हवा पाण्यासारखी एका बाजूला वाहत होती. झेंड्यांच्या जोडीनं हे मृगजळ वाचून वारा ओळखायचा आणि त्याप्रमाणे साइट फिरवायची. ६०० यार्डांवर वाऱ्याचा अंदाज चुकला तर बोट कितीही स्थिर असो, उपयोग नाही.

एवढ्या लांबलचक मैदानाची गरज कशी पडली? जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांच्या पुढं भरवशाचा नसे. नळीला आतून पीळ पाडले, गोळी गरगरत जाऊ लागली आणि १८५३ च्या एनफिल्ड रायफलीनं पल्ला कैक पटींनी वाढवला. आता सैनिकाला अंतर जोखायला शिकवणं आलं. त्यासाठी इंग्रजांनी हाइथला शाळा काढली. १८५९ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्सची धास्ती बसली आणि गावोगाव कारकून, दुकानदार, वकील स्वयंसेवक होऊन रायफल घेऊ लागले. त्यांच्यासाठी त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीनं पहिली गोळी झाडली. झाडली म्हणजे काय, व्हिटवर्थ रायफल घोडीवर आधीच नेम धरून बसवलेली, चापाला रेशमी दोरी. राणीनं दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. पुढं विम्बल्डनच्या आसपास वस्ती वाढली, तेव्हा १८९० मध्ये सगळा कारभार बिझलीला आला. सोबत कोल्हापूरचा कपही आला.

आता याच एनफिल्डची दुसरी बाजू. तिच्या काडतुसांवरून १८५७ मध्ये काय पेटलं ते सांगायला नको. कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं ३१ जुलैच्या रात्री उठाव केला. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला. तेव्हाच्या राजाचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं; ते परत आले नाहीत. १८६६ मध्ये गादीवर दत्तक आलेले राजाराम महाराज नात्यानं त्यांचे पुतणे. म्हणजे चुलत्याच्या हद्दपारीनंतर बारा-तेरा वर्षांत पुतण्या विलायतेला जातो, आणि कोल्हापूरच्या नावानं साहेबाच्या नेमबाजीला कप मिळतो! काही जण याला लाचारी म्हणतील. मला तसं वाटत नाही. वीस वर्षांचा, इंग्रजी शिकलेला, इंग्रजीत रोजनिशी लिहिणारा हा मुलगा पोलिटिकल एजंटाच्या नजरेखाली वाढला होता. दरबारात मान टिकवायचा तर यजमानाच्या आवडीची भेट द्यायची, हा आपल्या संस्थानांचा जुना व्यवहार. त्या काळात साहेबाची आवड रायफल होती.

खटकतं ते निराळंच. या सामन्यात एकीकडं ब्रिटन आणि दुसरीकडं वसाहतींचे संघ. कॅनडाचे लोक या कपासाठी समुद्र ओलांडून यायचे. पण ज्या देशातून कप आला, तिथल्या माणसाच्या हातातली बंदूक कायद्यानंच काढून घेतली. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं ब्रिटिश मुलखात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मोकळं ठेवलं. १८८५ मध्ये रशियाच्या भीतीनं इंग्रज कासावीस झाले, तेव्हा शिकलेल्या हिंदी लोकांनी आम्हालाही स्वयंसेवक म्हणून घ्या अशी मागणी केली. तीही नाकारली. तिकडच्या दुकानदारानं रविवारी रायफल घेऊन माळावर जायचं, ते देशकर्तव्य. इकडच्यानं तसं केलं तर गुन्हा. काँग्रेसनं सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले, यात नवल नाही.

बिझलीतही बायकांना पुढं यायला वेळ लागला. पण १९३० मध्ये मार्जोरी फॉस्टर नावाच्या बाईनं राजाच्या नावाचं मुख्य बक्षीस पुरुषांना हरवून जिंकलं.

आपल्याकडं १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष म्हणजे पुढं लोकसभेचे सभापती झालेले दादासाहेब मावळंकर. गांधींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला माणूस नेमबाजीच्या संघटनेचा प्रमुख झाला, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. हिरावलेली गोष्ट हातात घ्यायची असते, मग ती वापरा न वापरा. आजही आपल्याकडची पोरं-पोरी मावळंकर स्पर्धेतून वर येतात. आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी याच बिझलीत झाली. आपल्या अंजली भागवतनं तिथं चार सुवर्णपदकं घेतली. म्हाताऱ्याला ते नाव आठवत होतं, उच्चार मात्र मी नीट करवून घेतला.

त्याच दमात मी त्याला कोल्हापूरचाही पाढा वाचून दाखवला. तेजस्विनी सावंत, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती. राही सरनोबत, २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलाचं सुवर्ण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य. संस्थानी शिकारखान्याशी यांच्यापैकी कुणाचाच संबंध नाही, हेही मुद्दाम सांगितलं.

मग या कपासाठी कोल्हापूरचाच संघ उतरवू, असं मी म्हणताच त्यानं शांतपणे कोलापोरचे नियम समजावले. संघात आठ जण. ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरून प्रत्येकी दहा गोळ्या, गोळीला जास्तीत जास्त पाच गुण, म्हणजे पुरे बाराशे. इथली रायफल ७.६२ ची, आपल्याकडं ती निषिद्ध बोअरमध्ये मोडते, त्यामुळं आपली पोरं एअर रायफल आणि पॉइंट टू-टूवर तयार होतात. शिवाय राही पिस्तुलवाली, ती रायफलीच्या संघात बसत नाही, हे त्यानं लगेच हेरलं. आणि संघ देशाचा लागतो, शहराचा चालत नाही.

"ते असू दे," मी म्हटलं, "कप आमचा आहे. आठातले दोघे आत्ताच लिहून घ्या."

त्यानं खरंच स्कोअरकार्ड उलटं केलं आणि पेन्सिल काढून स्पेलिंग विचारलं.