पेटीतच राहिलेली किल्ली : पायथनचे ‘सेटअप.पीवाय’

२००० साली पायथन १.६ सोबत ‘डिस्टयुटिल्स’ आले आणि पॅकेजची माहिती ‘सेटअप.पीवाय’मध्ये लिहिण्याची प्रथा रुजली. ही फाइल म्हणजे नोंद नव्हे, चक्क प्रोग्रॅम. सी भाषेतील भाग जोडणाऱ्यांना ती मुभा हवीच होती. पण पॅकेजला काय काय लागते, हे कळण्याआधी परक्याचा कोड स्वतःच्या संगणकावर चालवावा लागे. आणि तो चालण्यासाठी लागणारी साधनेही त्यातच नमूद असत!

२०१६च्या ‘पेप ५१८’ प्रस्तावाने ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ ही निव्वळ डेटाची फाइल पुढे आणली. जेसन नाकारले, कारण त्यात टीपा लिहिता येत नाहीत. यामल नाकारले, कारण त्याचे नियमच ८६ पानांचे. (कारण रास्तच म्हणायचे.)

सी भाषेतील भाग बांधणारी कित्येक पॅकेजे मात्र आजही ‘सेटअप.पीवाय’ बाळगून आहेत.