उणे सत्त्याहत्तर

प्रतिसरकारवर लिहिताना नुसते ‘सातारा’ म्हटले की सांगलीकर नाराज होतात आणि ‘सांगली’ म्हटले की सातारकर. दोघांचेही बरोबर आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे सरकार चालले ते अखंड सातारा जिल्ह्यात, आणि ज्याला त्याची राजधानी म्हणतात ते कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे या चळवळीतल्या माणसांचा शोध दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत घ्यावा लागतो, आणि तेवढ्याने भागत नाही. भूमिगत पोलिसांना सापडला नाही, म्हणून तर तो भूमिगत. तुरुंगाच्या वहीत त्याचे नाव कुठून असणार? १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा अशांना सहकाऱ्यांच्या दाखल्यांवरच विसंबावे लागले.

म्हणून गावोगाव हिंडून वह्यांत नावे उतरवून घेणारी माणसे मला इतिहासकारांइतकीच मोठी वाटतात. अशाच एका निवृत्त शिक्षकांच्या वह्या १९९३ साली माझ्याकडे आल्या. मी तेव्हा सांगलीत एका संगणक वर्गात पडेल ते काम करत होतो. वर्गात एका संगणकाला पुण्याच्या ‘सी-डॅक’चे जिस्ट कार्ड बसवलेले होते, त्यामुळे डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. ती जादू पाहायला विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजची मुले येत. त्यांच्यापैकीच एकाने वापरून झालेले कर्निगन आणि रिची यांचे सी भाषेचे पुस्तक मला निम्म्या किमतीत दिले. माझे शिक्षण म्हणाल तर तेवढेच.

वह्यांतली नावे मी टंकली. नावे क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहिला, त्यासाठी दोन शब्द ताडून पाहण्याची पुस्तकातली छोटी कृती जशीच्या तशी उतरवून घेतली. इंग्रजी नावांवर तपासले, बिनचूक. चार महिन्यांनी नाव शोधणारा प्रोग्रॅम लिहिला. तोवर शहाणपण आले होते, म्हणून त्यात घरची कृती न वापरता भाषेबरोबर येणारे तयार फंक्शन वापरले. यादी मधोमध उघडायची, हवे ते नाव आधी येते की नंतर हे पाहायचे, अर्धी यादी सोडून द्यायची, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. शब्दकोश आपण असाच पाहतो.

१९९४ च्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातून एक आजी आल्या. नवऱ्याचे नाव बापू. मी वडिलांचे नाव आणि आडनाव विचारून बोटे चालवली. यंत्र म्हणाले, नाव नाही.

“परत एकदा बघ की रं बाळा,” आजी म्हणाल्या.

मी पुन्हा पाहिले. “नाही आजी. यादीतच नाही.”

त्या गेल्या. वह्या उघडून पाहाव्यात हे मला सुचले नाही. वह्या तर तेव्हा शेजारच्याच कपाटात होत्या.

हे घडले ते का, याचे उत्तर मला पंचवीस वर्षांनी मिळाले. त्यासाठी अमेरिकेत न्यू जर्सीपर्यंत जावे लागले, अर्थात कागदोपत्री. तेथील बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास पीडीपी-११ या यंत्रावर सी भाषा घडवली. अक्षर साठवण्यासाठी त्यांनी ‘कॅर’ नावाचा प्रकार ठेवला, एका बाइटचा. बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे २५६ वेगळी मूल्ये. पण ती ० ते २५५ मानायची, की उणे १२८ ते १२७? पीडीपी-११ ची रीत अशी की बाइट उचलून मोठ्या कप्प्यात ठेवला की यंत्र त्याचा पहिला बिट चिन्ह म्हणून पुढे पसरवी. म्हणजे १२८ आणि त्यावरच्या किमती आपोआप उणे होत. ते टाळायचे तर दर वेळी एक जादा आज्ञा खर्ची पडणार. रिचींनी तो प्रश्न यंत्रावरच सोडला. १९८९ साली अमेरिकेत भाषेचे प्रमाण ठरले तेव्हाही ती मोकळीक कायम राहिली: कॅर सचिन्ह की बिनचिन्ह, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मोडी वाचणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिणारा सांगत नाही, वाचणाऱ्याने संदर्भाने ठरवायचे असते. फरक इतकाच की मोडी वाचणाऱ्याला आपण ठरवत आहोत याची जाणीव असते.

या मोकळिकीला एक अपवाद मात्र सुरुवातीपासून होता, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्यातच आहे. इंग्रजी मुळाक्षरे, अंक आणि भाषेला लागणारी चिन्हे कधीही उणे होणार नाहीत, अशी हमी दिलेली होती. अ‍ॅस्की संकेतात ती १२८ च्या खालीच असल्यामुळे आपोआप सुरक्षित. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांचा संकेत निराळा, तिथे ‘ए’ची किंमत १९३. मग हमी पाळण्यासाठी तिथे कॅर बिनचिन्ह ठेवला गेला. इंग्रजी अक्षर वरच्या मजल्यावर राहायला गेले तर त्याच्यासाठी घराचे नियम बदलले. इतरांसाठी हमी नव्हती. यात कोणाचा दुष्टावा नाही. त्या खोलीत आपल्यापैकी कोणी बसलेले नव्हते, इतकेच.

आपली अक्षरे वरच्या मजल्यावरच होती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९८० च्या दशकात आकाराला आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्यात खालची १२८ घरे अ‍ॅस्कीला जशीच्या तशी ठेवून भारतीय अक्षरे वर बसवली होती. ‘अ’ १६४, ‘क’ १७९, ‘ह’ २१६. सचिन्ह कॅरमध्ये १७९ मधून २५६ वजा जातात. माझ्या टर्बो सीच्या लेखी ‘क’ म्हणजे उणे सत्त्याहत्तर होता.

गंमत अशी की सगळीच अक्षरे उणे झाल्यामुळे त्यांचा आपसातला क्रम बिघडत नाही. अ उणे ९२, क उणे ७७, ह उणे ४०. अ आधी, ह शेवटी. म्हणून छापील यादी पाहताना मला काहीच खटकले नाही. बिघडतो तो शब्द संपण्याच्या जागी. शब्दानंतरची मोकळी जागा म्हणजे ३२. ‘बापू’नंतर मोकळी जागा येते, ‘बापूराव’मध्ये त्याच जागी ‘र’ येतो, म्हणजे २०७. बत्तीस लहान, म्हणून बापू आधी. पण ‘र’ उणे ४९ झाला की बापूराव आधी आणि बापू मागे. पुस्तकातली कृती अशी सचिन्ह चालत होती, म्हणून माझी यादी त्या क्रमाने लागली. तयार फंक्शनला १९८९ च्या प्रमाणाने बाइट बिनचिन्ह धरण्याचे बंधन होते, म्हणून शोध दुसऱ्या क्रमाने चालला. वाटेत बापूराव भेटला की शोध म्हणे, बापू याच्या आधी असणार, आणि नेमका जिथे बापू होता तो भाग सोडून देई. राम आणि रामचंद्र, आबा आणि आबासाहेब, सखा आणि सखाराम, सगळीकडे हेच. जोडीतला कोण हरवेल हे मधोमध कोण येतो यावर ठरे. यादीत चार नावे वाढली की मधली जागा सरके, काल न सापडलेला आज सापडे आणि दुसराच कोणी नाहीसा होई. असा दोष तक्रार करणाऱ्याला पुन्हा दाखवता येत नाही, आणि मग आपण त्यालाच खोटे ठरवतो.

२०१९ साली जुन्या फ्लॉपीवरची फाइल हाती लागली. भाच्याकडे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक होता. किरकोळ दुरुस्त्या करून माझे दोन्ही प्रोग्रॅम त्यावर चालवले, हौस म्हणून. बापू सापडले. मी चक्रावलो. तेच प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवले: नाव नाही. रास्पबेरी पायच्या एआरएम चिपवर लिनक्समध्ये कॅर बिनचिन्ह असतो, लॅपटॉपच्या इंटेल चिपवर सचिन्ह. ओळी त्याच, उत्तरे दोन. कंपायलरला ‘कॅर बिनचिन्ह धर’ असे सांगितल्यावर लॅपटॉपवरही बापू सापडले.

यावर तरुण मित्र म्हणतात की आता रस्ट भाषा वापरा. मी रस्ट शिकतो आहे, पन्नाशीनंतर जमेल तसे. तिथे सचिन्ह आणि बिनचिन्ह बाइटला वेगळी नावे आहेत, मधले मोघम काही नाही. पण रस्टमधून सीशी बोलायचे झाले की त्या सीमेवर तोच कॅर उभा असतो आणि यंत्रागणिक बदलतो. शिवाय ‘राम’ केवढा, हे रस्टला विचारले तर बाइट ९, संकेत ३. आपल्या डोळ्यांना अक्षरे दोन. आणि ‘ळ’चे दुखणे आहेच. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर, इस्कीत ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये. युनिकोडने तीच मांडणी पुढे चालवली. म्हणजे नुसत्या संकेतांच्या क्रमाने लावलेली मराठी यादी आजही चुकीची असते. तिथे निदान चूक डोळ्यांना दिसते.

वह्यांशी एकेक नाव पुन्हा ताडून मी यादी नव्याने लावली आणि त्या पानाची प्रत घेऊन आजींच्या गावी गेलो. आजी कधीच गेल्या होत्या. नातवाने कागद दोनदा वाचला. इतरांच्या नावांपुढे राव आहे, आमच्या आजोबांचे बापूराव करता येईल का, असे त्याने विचारले. वहीत बापू होते. मी तसेच ठेवले.