बार्शी लाइट रेल्वे

सोलापूर, धाराशिव, लातूर व सांगली जिल्ह्यांतून गेलेला पूर्वीचा नॅरोगेज लोहमार्ग. रुळांतील अंतर अडीच फूट (762 मिमी). पूर्ण विस्तारानंतरची लांबी सु. 325 किमी. लोकांच्या तोंडी नुसतेच ‘बार्शी लाइट’.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबई–मद्रास मार्ग बार्शीला वगळून गेला. कापूस व धान्याची ही पेठ कुर्डुवाडीपासून सु. 35 किमीवर, म्हणून कुर्डुवाडीचे स्थानक ‘बार्शी रोड’ झाले. (स्थानकाच्या नावात ‘रोड’ दिसला की गाव लांब आहे असे समजावे.) ही तूट भरून काढण्याची कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची. 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्ये बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे कॅलथ्रॉपचे सूत्र होते. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरही भरपूर माल वाहता येई. पुढे अनेक ठिकाणच्या नॅरोगेज मार्गांना हा नमुना उपयोगी पडला.

मार्ग दोन्ही अंगांनी वाढला. 1906 मध्ये तो पंढरपूरला पोहोचला आणि वारकऱ्यांची गर्दी हा कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनला. 1911 मध्ये निजामाच्या हद्दीतील लातूर आणि 1927 मध्ये मिरज जोडले गेले. मात्र अरुंद रुळांमुळे कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. बांधणीत वाचलेला पैसा असा हमालीत जात राहिला.

1951 मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हाही ही कंपनी वेगळीच राहिली. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ती ताब्यात घेऊन मध्य रेल्वेत विलीन केली. मालकी बदलली, रूळ तेच राहिले. मिरजेत तर काही काळ ब्रॉड, मीटर व नॅरो असे तिन्ही गेज एकत्र नांदत होते.

रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झाले. कुर्डुवाडी–लातूर भाग 2008 मध्ये पूर्ण झाला, पंढरपूर–मिरज त्यानंतर. जुनी लाइन येडशीवरून जाई. जिल्ह्याचे ठिकाण असूनही धाराशिव बाजूलाच राही. नव्या आखणीत मार्गाला वळसा देऊन ते शहर जोडण्यात आले.