संकासुराच्या गावात कुंग फू: पोरांना जुने पिक्चर दाखवताना

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी जरा वाहवत जातो, ते इथे थोडं आवरलंय. सगळं नाही.

विषय असा: घरातल्या सहा-आठ-दहा वर्षांच्या पोरांना जुने कुंग फूचे पिक्चर दाखवावेत का, आणि दाखवायचे तर कुठले आणि कसे. आपल्यातले बरेच जण आता मामा, काका, आत्या, मावशी झालेत. मे महिन्यात मुंबईची भाचरं रत्नागिरीत येतात. आंबे, फणस, भाट्याचा समुद्र यात दोन दिवस जातात, आणि तिसऱ्या दिवशी सुरू, "मामा, फोन दे ना." फोनवर काय, तर ब्रूस लीची अर्ध्या मिनिटाची क्लिप. एक उडी, एक किंकाळी, समोरचा आडवा. लगेच पुढची क्लिप. हा माणूस कोण, कुणाशी भांडतोय, कशासाठी भांडतोय, काही पत्ता नाही. मला विचाराल तर पोरांसाठी पूर्ण पिक्चरपेक्षा हे अर्धं मिनिट जास्त वाईट. का, ते इतिहासातून बघू.

सुरुवात हाँगकाँगपासून नको, आपल्या दारापासून करू. शिमग्यात येणारा संकासूर आठवा. अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच टोपी, लांब पांढरी दाढी. पोरं त्याला चिडवतात, तो मागे धावतो, पोरं किंचाळत पळतात आणि परत त्याच्याच जवळ येतात. खाली तळकोकणात दशावतार. (सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला, तोवर तोही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता, तेव्हा थोडा हक्क सांगायला हरकत नाही.) राजा आणि राक्षस तलवारी घेऊन भिडतात, झांज आणि मृदंगाच्या ठेक्यावर गिरक्या घेतात, पाय आपटतात. कुणी कुणाला खरं मारत नसतं, तरी पुढे बसलेलं पोर श्वास रोखून असतं. ते खोटं आहे हे त्याला माहीत असतं, आणि ते खरंही वाटत असतं. ही समज कोकणातल्या पोराला आयती मिळते.

कुंग फूचा पिक्चर याच खानदानातला आहे. चीनच्या पेकिंग ऑपेरात नटाला चार गोष्टी याव्या लागतात: गाणं, बोलणं, अभिनय आणि मारामारी. मारामारी हे तिथे गाण्याइतकंच शास्त्र, ढोल आणि घंटांच्या तालावर बसवलेलं. हाँगकाँगच्या पिक्चरमध्ये जे हात-पाय तालात चालताना दिसतात, त्यातला बराचसा ताल या रंगमंचावरून आलाय.

आणि तो कसा आला, हा या गोष्टीतला न पचणारा भाग आहे. 1961 च्या सुमाराला सात वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आईवडिलांनी हाँगकाँगमधल्या एका ऑपेरा शाळेत ठेवलं. गुरूचं नाव यू जिम-युएन. करार दहा वर्षांचा. वडील ऑस्ट्रेलियात स्वयंपाक्याच्या नोकरीला गेले, मागोमाग आईही गेली. पोरगं शाळेतच राहायचं, शाळेतच झोपायचं. पहाटेपासून कसरत, तासन्‌तास हातांवर उभं राहणं, चुकलं की छडी. हा मुलगा म्हणजे जॅकी चॅन. त्याच शाळेत त्याच्याहून थोडा मोठा सामो हंग होता आणि धाकटा युएन बियाओ. हे सगळं जॅकीने आपल्या आत्मचरित्रात सविस्तर सांगितलंय. सामो हंगने पुढे 1988 मध्ये 'पेंटेड फेसेस' या पिक्चरमध्ये आपल्या त्याच गुरूची भूमिका केली. ज्याच्या हातून मार खाल्ला त्याचाच वेश अंगावर चढवायचा! मला हे कधी नीट समजलेलं नाही, पण विसरताही येत नाही.

ही पोरं मोठी होईपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक आटला. गाणं कुणाला नको होतं, उड्या मात्र सिनेमावाल्यांना हव्या होत्या. मग ही सगळी फौज स्टंटच्या कामाला लागली. 1973 च्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस ली ज्या गुंडांना लोळवतो, त्यातला एक किरकोळ गुंड जॅकी चॅन आहे. ब्रूस ली 20 जुलै 1973 ला गेला, वय 32. पिक्चर त्यानंतर महिन्याभराने लागला.

म्हणजे लहान मुलांना आपण जे दाखवणार, ते लहान मुलांच्याच अंगावर घडवलेलं आहे. ही गोष्ट पोरांना सांगायची का? सात वर्षांच्या पोराला नको. दहाच्या पोराला जरूर सांगा. क्लासला जायला कुरकुर करणाऱ्याला टोमणा म्हणून मात्र सांगू नका हं, तो अन्याय होईल. त्या मुलांना घरी जायचं होतं, एवढंच सांगा.

आता भीतीचा इतिहास. हे पिक्चर आल्यापासून मोठ्यांना धास्ती, की पोरं नक्कल करतील. इंग्लंडच्या सेन्सॉर बोर्डाला तर ननचाकूने पछाडलं होतं. साखळीने जोडलेल्या त्या दोन दांड्यांची दृश्यं त्यांनी 1979 पासून 'एंटर द ड्रॅगन'मधून कापून टाकली आणि 2001 मध्ये कुठे परत जोडली. आपल्याकडे झाडूचा दांडा कापून, दोन तुकड्यांना साखळी लावून घरगुती ननचाकू तयार व्हायचा आणि पहिला फटका स्वतःच्याच कोपराला बसायचा. 1983 मध्ये मिथुनचा 'कराटे' आला. सलूनच्या आरशाशेजारी ब्रूस ली लागला. गणपतीला गावी आलेले चाकरमानी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे, आणि एका रात्रीत तीन-तीन पिक्चर. पोरं पुढे सतरंजीवर, म्हातारी माणसं मागे खुर्च्यांवर. पोरं नक्कल करायची हे खरंच. पण पाठीमागे आजोबा बसलेले असायचे, आणि "आता हा का मारतोय रे त्याला?" असं मोठ्याने विचारायचे. कथा कळण्यासाठी तेवढा एक प्रश्न पुरत असे. फोनवरच्या क्लिपमागे कुणी बसलेलं नसतं.

बरं, हा माणूस का मारतोय? इथे इतिहास खरा मजेशीर होतो.

ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी', 1972 चा. शांघाय, विसाव्या शतकाची सुरुवात. नायक एका बागेच्या दारात येतो. दारावर पाटी: कुत्र्यांना आणि चिनी लोकांना प्रवेश नाही. त्याला अडवणारा पहारेकरी कोण आहे बघा. पगडीवाला शीख. आपला माणूस! शांघायच्या परकीय वसाहतीत इंग्रजांनी खरोखरच शीख पोलीस नेमले होते. पाटीचं म्हणाल तर नेमकी तशी एक ओळ नव्हती. बागेच्या नियमांत एक कलम होतं की बाग परदेशी रहिवाशांसाठी राखीव आहे, आणि दुसऱ्या कलमात कुत्रे व सायकली आणायला बंदी होती. लोकांच्या मनात दोन्ही कलमं एक झाली, आणि अपमान तर खराच होता. चिनी लोकांना ती बाग 1928 मध्ये खुली झाली.

हे दृश्य रत्नागिरीत बसून बघताना मला दर वेळी थिबा पॅलेस आठवतो. ज्या साम्राज्याने ब्रह्मदेशचा राजा उचलून 1886 मध्ये आपल्या गावात आणला आणि 1916 मध्ये मरेपर्यंत इथेच ठेवला, त्याच साम्राज्याने पंजाबचा माणूस शांघायच्या बागेच्या दारात उभा केला. माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून चीनला जायची, आणि त्यावर मुंबईतले बडे व्यापारी गब्बर झाले, हेही लगेच जोडून घ्या. कुंग फूच्या पिक्चरमध्ये अफूचा अड्डा दिसला की भाचराला सांगता येईल, त्या अफूच्या वाटेवर आपलं मुंबई बंदरही होतं. पोरं अशा गोष्टी आपल्याला वाटतं त्याहून चटकन पकडतात. "मग आपण व्हिलन होतो का?" असा प्रश्न येईल. येऊ दे. उत्तर लगेच द्यायलाच हवं असं काही नाही.

त्या पिक्चरमधला नायक काल्पनिक आहे, पण त्याचे गुरू हुओ युआनजिया खरे. ते 1910 मध्ये वारले, आणि त्याच सुमाराला शांघायमध्ये जिंगवू ही व्यायामसंस्था उभी राहिली. चिनी माणूस दुबळा, ही टवाळी शरीर कमावून खोडून काढायची, असा तो काळ. अगदी हाच विचार आपल्याकडच्या आखाड्यांत आणि तालमींत चालू होता. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. गंमत पुढे आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चीनचं एक पथक आपली युद्धकला दाखवायला गेलं होतं, आणि अमरावतीचं पथकही आपले देशी खेळ दाखवायला तिथेच गेलं होतं. दोन गुलामगिरीने गांजलेले देश, एकच गाव, आणि यजमान हिटलर. यावर कुणी पिक्चर का काढला नाही, देव जाणे.

आता काय दाखवायचं. 'एंटर द ड्रॅगन' लहानांसाठी नाही. त्यात व्यसनं आहेत, आत्महत्या आहे. तो तेरा-चौदापर्यंत थांबू शकतो. सरकारने आता सर्टिफिकेटमध्ये 7, 13 आणि 16 वर्षं असे टप्पे केलेत, पण या जुन्या पिक्चरवर तो शिक्का शोधत बसून उपयोग नाही. आधी स्वतः बघा, मग पोराला बसवा.

माझी पहिली निवड 1978 चा 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. सुरुवातीची कत्तल पुढे ढकला, नायक मठात पोचतो तिथून लावा. गॉर्डन लिऊला वाटतं आपण थेट सगळ्यात वरच्या वर्गात बसू. त्याला हाकलतात. मग पहिला धडा: जेवायला जायचं तर पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून उडी मारून पलीकडे जायचं. तो पडतो, भिजतो, उपाशी राहतो. परत पडतो. पुढे दोन्ही हात ताठ पसरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, दंडाला सुऱ्या बांधलेल्या, हात खाली आला की टोचणार. पिक्चरचा मोठा भाग हा माणूस कुणाला मारत नाही, नुसता शिकतो, आणि पोरं जागची हलत नाहीत. शेवटी त्याला हवा असतो तो छत्तिसावा वर्ग, मठाबाहेरच्या साध्या लोकांसाठी. गुरू-शिष्य, आश्रम, बंद विद्या सगळ्यांना खुली करणं... ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्रात हे समजावून सांगायला वेळ लागत नाही.

घरात मुलगी असेल तर 1966 चा 'कम ड्रिंक विथ मी' लक्षात ठेवा. चेंग पेई-पेई खानावळीत शांत बसलेली, भोवती गुंड, आणि ती हातातला प्यालासुद्धा घाईने ठेवत नाही. यात रक्त आहे, म्हणून नऊ-दहाच्या पुढे. याच बाई 2000 च्या 'क्राउचिंग टायगर'मध्ये खलनायिका आहेत.

भाषेची काळजी करू नका. त्या काळातले हाँगकाँगचे पिक्चर मुळात आवाजाशिवाय शूट व्हायचे आणि आवाज मागाहून भरायचे. तेव्हा हिंदी डबिंग बघितलं तर काही पाप लागत नाही. डबिंग नसेल तर सबटायटल तुम्ही मोठ्याने वाचा, मराठीत, संगमेश्वरी बोलीत तर आणखी बहार. शाओलिनचा महंत "खंय चाललास रे?" म्हणाला की पोरं हसून लोळतील, आणि पिक्चर त्यांचा होईल.

2019 मध्ये आपल्याकडे वासन बालाचा 'मर्द को दर्द नहीं होता' लागला. मुंबईतला पोरगा, आजोबांच्या छायेत व्हीएचएसवरचे असलेच पिक्चर बघत वाढलेला. आजोबा आहेत महेश मांजरेकर. त्या पोराला आजारच असा आहे की दुखणं जाणवत नाही. मला ती कल्पना फार नेमकी वाटते, कारण क्लिप बघणाऱ्या प्रत्येक पोराची तीच अडचण आहे. त्याला वाटतं, लाथ बसते आणि काही होत नाही.

त्यावर इलाज जॅकी चॅननेच करून ठेवलाय. अमेरिकेत 'कॅननबॉल रन'मध्ये काम करताना त्याने बघितलं की शेवटी नावांबरोबर फसलेले शॉट दाखवतात. तिथे ते हसण्यासाठी होतं. त्याने परत येऊन आपल्या पिक्चरांना तीच शेपटी जोडली, फक्त त्यात तो पडताना, विव्हळताना, स्ट्रेचरवर जाताना दिसतो. 1983 चा 'प्रोजेक्ट ए' लावा. घड्याळाच्या मनोऱ्यावरून तो कापडी छपरं फाडत खाली येतो, आणि ही उडी त्याने एकदा मारून भागवलेली नाही. 1986 च्या 'आर्मर ऑफ गॉड'मध्ये झाडावरून पडून त्याची कवटी फुटली होती, तेही शेवटी आहे. तर पिक्चर संपला, नावं वर सरकायला लागली, की लगेच जेवायला उठू नका. पोराला तिथेच बसवा, आवाज थोडा वाढवा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.