धरणे येथे, तहानही येथे

मुंबईचा नळ आणि शहापूरची घागर यांचा इतिहास एकच आहे. १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले. शहर वाढले, ते अपुरे पडले. मग १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा धरण उभे राहिले. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला. पुढे भातसा आले; आज मुंबईचे सुमारे निम्मे पाणी तेथूनच जाते. मुरबाडची जमीन बारवीच्या जलाशयात गेली. पाणी मात्र कारखान्यांना व शहरांना मिळाले.

तरीही चैत्र-वैशाखात येथील पाडे टँकरची वाट पाहतात. पाऊस उदंड, पण कातळ पाणी धरत नाही. तानशाचे पाणी उताराने मुंबईस पोचते; जलाशयाच्या वरचे पाडे कोरडेच राहतात. इगतपुरीजवळचे भावली धरण मात्र उंचावर आहे. तेथून उताराने शहापूरच्या गावांना पाणी देण्याची योजना आखली गेली, ती म्हणूनच मोलाची.

विहिरीतील गाळ काढणे, ओढ्यावर वनराई बंधारा घालणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु ज्यांच्या जमिनीवर धरणे उभी राहिली, त्यांनी त्या पाण्यात वाटा मागणे ही याचना नव्हे, हक्क आहे.