पेटीला मिळालेला मान

अलिबाग-मुरुडकडच्या आपल्या गावांत पेटी म्हणजे भजन आणि शाळेची प्रार्थना. पण आकाशवाणीने १९४० साली याच पेटीला दार बंद केले होते. तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, हा जाणकारांचा मुख्य आक्षेप. गोव्यातील बोरीचे पं. तुळशीदास बोरकर (जन्म १९३४) त्याच काळात वाढले, तरी त्यांनी पेटीच धरली. पी. मधुकरांकडे तालीम घेतली, मोठमोठ्या गवयांना साथ केली. १९७१ साली बंदी सैल झाली. २०१६ साली बोरकरांना पद्मश्री मिळाली. आक्षेप खोटा नव्हता. भात्यावरचा ताबा आणि बोटांची तयारी हेच त्याला उत्तर होते. आपल्या शाळेत पेटीवर बसणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.