जलदुर्ग आणि जळण

दुर्गांचा इतिहास लिहितांना आपले लेखक तट, बुरूज, तोफा आणि पाण्याचीं टांकीं यांची नोंद आस्थेनें करितात. धान्याच्या अंबारांचाही उल्लेख बहुधा येतो. परंतु तें धान्य शिजविणारें जळण कोठून येई, कोण आणी, आणि तें किती दिवस पुरे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. डोंगरी किल्ल्याच्या बाबतींत ही उपेक्षा एक वेळ क्षम्य ठरेल. जलदुर्गाच्या बाबतींत ती क्षम्य नाहीं. समुद्रानें वेढलेल्या खडकावर गोडें पाणी लागूं शकतें, धान्य सांठवितां येतें. पण रोज चुलींत भस्म होणारें लाकूड तेथें पुरेसें उगवत नाहीं. जलदुर्गाच्या टिकावाचें माप विहिरींच्या बरोबरीनें सरपणाच्या सांठ्यांत शोधिलें पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

करवीरच्या वाचकांस सिंधुदुर्गाचें उदाहरण जवळचें आहे. मालवणासमोरील कुरटे बेटावर इ. स. १६६४ मध्यें शिवछत्रपतींनीं या दुर्गाचें काम आरंभिलें. पुढें तो करवीर राज्याकडे आला. इ. स. १७६५ मध्यें इंग्रजांनीं तो घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें, दुसऱ्याच वर्षीं करवीरकरांस परत केला, आणि इ. स. १८१२ च्या तहानें तो अखेर इंग्रजांकडे गेला. दूधबाव, दहींबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी किल्ल्याच्या आंत आहेत. त्यामुळें भर समुद्रांत असूनही पाण्याची ददात नव्हती. जळणाची मात्र अशी कोणतीही बाव नव्हती. माडाच्या झावळ्या, सोडणें व करवंट्या यांवर कांहीं चुली पेटतील, सबंध शिबंदीचें रांधप निभणार नाहीं. बाकीचें सारें फाटें किनाऱ्यावरून होडींत घालूनच आणिलें पाहिजे.

त्यांतही ऋतूची अडचण होती. आगोट लागली म्हणजे होड्या वर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहिल्यावर त्या पुन्हा पाण्यांत लोटावयाच्या, हा कोंकणचा जुना परिपाठ आहे. आजही पावसाळ्यांत किल्ल्याकडे जाणारी होड्यांची वाहतूक बंद ठेवितात. अर्थात् चातुर्मासाच्या बहुतेक भागाची बेगमी ज्येष्ठापूर्वीं झाली पाहिजे. केवळ अंदाजाकरितां शंभर माणसांची शिबंदी धरूं, आणि दर माणशीं रोज एकच शेर लाकूड धरूं. चार महिन्यांस बारा हजार शेर, म्हणजे तीनशें मण सुकें लाकूड झालें. आणि तें पर्जन्यांत न भिजतां ठेवावयास छप्पर पाहिजे तें निराळेंच.

हा केवळ चुलींचा हिशेब झाला. तट बांधावयाचा तर चुना भाजण्यास भट्टी पाहिजे. शिसें वितळवावयाचें तर कोळसा पाहिजे. लोहाराच्या भात्यास कोळसा पाहिजे, आणि सोरा व गंधक यांच्या जोडीस बंदुकीच्या दारूंतही तोच पाहिजे. रात्रीं पहाऱ्यास दिवे व मशाली लागत, त्यांस तेल पाहिजे. कोंकणांत खोबरेल, करंजेल व उंडीचें तेल यांवर तें काम भागे. मुदबखखाना व दारूखाना या दोन परस्परविरुद्ध भासणाऱ्या कारखान्यांचें मूळ अशा रीतीनें एकाच रानांत जाऊन पोंचतें.

आपल्या शास्त्रकारांच्या दृष्टींतून ही गोष्ट सुटलेली नाहीं. ‘इंधन’ व ‘समिध्’ हे दोन्ही शब्द एकाच ‘इन्ध्’ धातूपासून निघालेले. यज्ञाची चिंता करणाऱ्यांनीं दुर्गाच्या चुलीचीही चिंता केली, यांत नवल नाहीं. कौटिल्यानें दुर्गनिवेशाच्या प्रकरणांत जे पदार्थ अनेक वर्षें पुरतील इतके सांठवावे म्हणून सांगितले, त्यांत तेल-तुपादि स्नेह व धान्य यांबरोबर तृण, काष्ठ आणि अंगार म्हणजे कोळसा हेही आहेत. शिवाय नवें घालून जुनें काढीत जावें, असा दंडक घातला आहे. शांतिपर्वांतील राजधर्मांत लांकडें आणून ठेवणें व विहिरी खणणें हीं दोन कामें भीष्मांनीं एकाच दमांत सांगितलीं आहेत. अन्न रात्रींच शिजवावें, अग्निहोत्राखेरीज दिवसा घरांत अग्नि पेटवूं नये, हाही नियम तेथेंच आहे. जळण सांठविलें म्हणजे आगीचें भयही सांठतें, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

शास्त्राचा हा विचार मराठ्यांच्या व्यवहारांत कसा उतरला, हें पाहण्यास रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र हें मुख्य साधन होय. करवीरकर संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत, शके १६३७ मध्यें, तें सिद्ध झालें असें सामान्यतः मानितात. त्यांत किल्ल्याभोंवतालच्या राखणीच्या झाडींतील एक काठीही तोडूं देऊं नये असें बजाविलें आहे. उलट किल्ल्यावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ, निंबें, नारिंगें, फार काय उपयोगी-निरुपयोगी जें झाड होईल तें लावावें, कारण प्रसंग पडल्यास निदान लाकूड म्हणून तें कामास येईल, असें त्यांत सांगितलें आहे. म्हणजे वर लाविलेलें झाड ही वेढ्याच्या वेळची शेवटची ठेव होती. रोजची चूल तीवर पेटवावयाची नव्हती. किल्ल्यावरील केरही खालीं न टाकतां जागोजाग जाळून त्याची राख परसांतील भाजीपाल्यास घालावी, इतक्या बारकाईपर्यंत हा विचार गेलेला आहे.

मग रोजचें जळण कोठून यावयाचें? तें आसपासच्या मुलखांतून. आणि येथेंच राज्य व रयत यांची गांठ पडते. आज्ञापत्रांत आरमाराकरितांही रयतेचे आंबे-फणस तोडूं देऊं नयेत, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें लेकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, अशा आशयाचा मजकूर आहे. झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें, अशी सवड ठेविली आहे. हा मजकूर इमारती लांकडाविषयीं आहे खरा. परंतु जळणाविषयींही धोरण हेंच होतें, हें शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापूर्वींच्या एका पत्रावरून सिद्ध होतें. चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेल्या या पत्रांत, शिपाई कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, फाटे व भाजी आणूं लागले तर ते लोक मोंगलांपेक्षां तुम्हांसच वाईट म्हणतील, असें बजाविलें आहे. जें पाहिजे तें बाजारांतून विकत घ्यावें, अशी आज्ञा आहे. दाण्यांच्या पंक्तीस येथें फाटेही बसविले आहेत, हें लक्षांत घ्यावें. गवताजवळ चुली पेटविणें, तंबाखूस विस्तव घेणें, उंदरानें दिव्याची वात नेणें, यांपासून होणाऱ्या अनर्थाचीही तेथें सूचना आहे.

जलदुर्गाचें बळ अशा रीतीनें किनाऱ्यावरील अंमलदाराच्या हातीं असे. पद्मदुर्गाच्या आरमारास रसद न पोंचविल्याबद्दल प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस इ. स. १६७५ च्या जानेवारींत महाराजांनीं जें खरमरीत पत्र लिहिलें, त्याचा अर्थ हाच. इ. स. १६७९ मध्यें खांदेरीभोंवतीं इंग्रजांचीं जहाजें फिरत असतां थळच्या किनाऱ्यावरून रात्रीं लहान होड्या सामान घेऊन बेटास पोंचत राहिल्या, म्हणूनच तें बेट राखिलें गेलें.

जळणाचा हक्क सनदांतही दिसतो. इनामगांव देतांना ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ अशी मालिका लिहीत. तींत ‘तरु’ व ‘काष्ठ’ हे शब्द निरनिराळे आहेत. उभें झाड आणि पडलेलें अथवा तोडलेलें लाकूड हे दोन वेगळे हक्क मानिले होते, असें आम्ही समजतों. नाहीं तर एवढ्या काटेकोर मालिकेंत ही द्विरुक्ति कशास?

जलदुर्गांचा हा पेंच आजही जगांतून गेलेला नाहीं. मालदीवांसारख्या द्वीपराष्ट्रांत खनिज तेल निघत नाहीं. विजेस व नौकांस लागणारें तेल जहाजानें येतें आणि मग बेटोबेटीं वांटलें जातें. इ. स. २०२२ मध्यें श्रीलंकेची परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हां मोल चुकतें न झाल्यानें तेलाचीं जहाजें बंदराबाहेर खोळंबलीं आणि प्रत्येक वाहनास आठवड्याचा वांटा नेमून द्यावा लागला. तेल आलें, लाकूड गेलें. आगोटीपूर्वींच्या बेगमीची गरज तशीच राहिली.

आमच्या संग्राहक बंधूंस याकरितां एक विनंती आहे. शिक्क्याचीं पत्रें व सनदा आपण रेशमी रुमालांत जपतों. पण कोठीचे फुटकळ जमाखर्च, मोळ्यांचे व भाऱ्यांचे आंकडे, होडीचें भाडें, तेलाचे शेर हे मोडी कागद रद्दींत जातात, किंवा न्हाणीघरांतील बंब पेटविण्याच्या कामीं येतात. जळणाचा हिशेब जळणांतच जावा, याहून मोठी हानि कोणती? फाटे, सरपण, मोळी, भारा, शेणी, गोवऱ्या, कोळसा, उंडेल यांपैकीं एखादाही शब्द ज्या बंदांत दिसेल तो बंद बाजूस काढावा. वैशाख-ज्येष्ठांतील नोंदी विशेष पाहाव्या, कारण पावसाळ्याची बेगमी तेव्हांच होई. बंद सोडवून कागद विस्कटूं नयेत. कोणत्या गांवीं, कोणत्या दप्तरांत मिळाला एवढें टिपून ठेवावें. किल्ला कोणी बांधिला हें शिलालेख सांगेल. त्यांतील माणसें चार महिने काय जाळून जेवलीं, हें या चिठोऱ्यांवांचून दुसरें कोणीही सांगणार नाहीं.